दाराचे डोळे

दि. ६ नोव्हेंबर

जावईबापूंस,

सासऱ्याचे अनेक आशीर्वाद. ‘पत्र लिहिण्यास कारण की’ एवढं लिहिलं आणि अर्धा तास तसाच बसलो. चहा गार झाला, तुमच्या सासूबाई दोनदा डोकावून गेल्या. कारण तसं साधं आहे. पण चार वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम गॅरेजच्या दारासाठी लिहितोय म्हटल्यावर तुम्ही काय म्हणाल, इथेच पेन अडलं. म्हणा काय म्हणायचं ते. आणि ‘जावईबापू’ वाचून हसू नका. कागदोपत्री तुम्ही आता आमचे कोणी लागत नाही हे ठाऊक आहे मला, पण एकाहत्तराव्या वर्षी जिभेला नवीन वळण कुठून लावू?

इकडे सगळे आपापल्या जागी आहेत. सासूबाईंचे गुडघे पूर्वीसारखेच कुरकुरतात, त्या स्वतः मात्र कुरकुरत नाहीत. लेक कामात बुडालेली असते. भिंगरी चौथीत गेली. भिंगरी नाव पडलं तेव्हा ती एका जागी ठरत नव्हती. आता डावा पाय ओढत चालते तरी नाव तेच राहिलंय. आम्ही बदललं नाही, तिनंही बदलू दिलं नाही. वर्गातल्या एका मुलानं तिच्या चालण्याची नक्कल केली, तर ही त्याला म्हणाली, ‘चुकतंय तुझं, खांदा आधी खाली जातो.’ माझ्यावर गेलीय. कुणाचं ऐकून घ्यायचं नाही.

तर दार. सहा वर्षांपूर्वी तुम्ही आणून बसवलेली मोटर आता पार कामातून गेली आहे. रिमोट दाबला की कधी दार उघडतं, कधी नुसताच दिवा लागतो. दुपारी कुणी हात न लावता आपलं आपण वर जातं. परवा शेजारीण सांगत आली, ‘अण्णा, तुमचं घर सताड उघडं आहे हो.’ संध्याकाळी बंद करायला जावं तर हातभर खाली येतं, थबकतं आणि परत वर. मोटरवरचा दिवा दहा वेळा उघडझाप करतो. मी खाली उभा राहून शिव्या घालतो, ते वरून मिचकावत राहतं.

मी काय काय करून पाहिलं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा काही न बघता ओरडतोय. रिमोटचा सेल बदलला. चाकांना तेल दिलं. लाल दोरी ओढून मोटर सोडवली आणि दार हातानं वर नेऊन अर्ध्यावर सोडलं. जागच्या जागी राहिलं, म्हणजे स्प्रिंग शाबूत आहे. साखळी बोटभर सैल होती ती ताणली. खालचे दोन डोळे पुसले. आपल्या घरात त्या सेन्सरना डोळेच म्हणायचे ना सगळे. दाराच्या दोन बाजूंना, जमिनीपासून वीतभर वर, समोरासमोर. एकातून किरण निघतो, दुसरा तो बघतो, मध्ये काही आलं की दार खाली यायचं थांबतं. हे तुम्हाला सांगायला नको. बसवलंत त्या दिवशी दारात झाडू आडवा धरून दहा वेळा दाखवलं होतंत. मी म्हणालो होतो, चाळीस वर्षं कारखान्यात मशिनं सांभाळली, आता मला झाडू दाखवता होय?

लेक म्हणते, मी जायच्या आत मोटर बदलून घ्या, आईला ते दार हातानं उचलायचं नाही. म्हणून दरवाजेवाल्याला बोलावलं आहे. तो म्हणाला, जुन्या मोटरचं माहितीपुस्तक असेल तर काढून ठेवा, रेल तीच चालेल का ते कळेल. ते पुस्तक तुमच्या सामानात गेलं असावं. असेल तर पाठवा.

‘मी जायच्या आत’ असं लिहून गेलो. तुम्हाला माहीतच आहे सगळं. परदेशातली नोकरी पक्की झाली, एक डिसेंबरला ती भिंगरीला घेऊन निघते, कायमची. मुलीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर तुम्ही एकवीस तारखेला कोर्टात सही करणार, असं तिच्याकडून कळलं. तेही आपणहून. ऐकलं त्या दिवशी मला घास गेला नाही. अहो, तो कागद झाला की पोरीला भेटायलासुद्धा तुम्हाला तिच्या आईच्या तोंडाकडे बघावं लागेल. घाई कसली आहे एवढी? जरा विचार करा.

त्या दिवसाबद्दल मला काही लिहायचं नाही. दार भिंगरीच्या पायावर आलं, बटण तुम्ही दाबलं होतं, हे सगळ्यांना पाठ आहे. उगाळून काय मिळणार? मशिनचा भरवसा नसतो, हे मी तेव्हाही म्हणत होतो. बघा ना, अजून कसं वागतंय ते.

पुस्तकाचं विसरू नका. तब्येतीला जपा.

तुमचे,
अण्णा


दि. १५ नोव्हेंबर

जावईबापू,

पुस्तक मिळालं. आतली चिठ्ठीही मिळाली.

पान अकरावर तुम्ही पेन्सिलीनं रेघ मारली आहे. भिंतीवरचं बटण दाबून धरलं, तर दार डोळ्यांना जुमानत नाही, मध्ये काहीही असलं तरी खाली येतं. शेजारी लिहिलंय, ‘अण्णा, नव्या मोटरलाही हे असणार. घरात सगळ्यांना बजावून सांगा. माझ्यासारखं कुणी करू नका.’

आणि चिठ्ठीत, की भिंगरीला तुमची भीती वाटते, तुम्ही समोर आलात की ती आक्रसते, त्यापेक्षा सही केलेली बरी.

‘माझ्यासारखं’ हा शब्द वाचला आणि पुस्तक मिटून मी गॅरेजात जाऊन बसलो. आता जे लिहितोय ते एका बैठकीत लिहितोय. मध्ये उठलो तर पुन्हा बसणार नाही.

काल संध्याकाळी दरवाजेवाला आला होता. बोलका माणूस, दाराशीसुद्धा गप्पा मारतो. मी बटण दाबलं, दार हातभर खाली येऊन वर गेलं. त्यानं मोटरकडे पाहिलंच नाही. खाली वाकून ऊन कुठे पडलंय ते पाहिलं. ‘काका, या डोळ्यात ऊन शिरतंय. थंडीत तिरपं येतं ना. ऊन शिरलं की ह्याला समोरचा किरण दिसत नाही, त्याला वाटतं कुणीतरी मध्ये आहे.’ पिशवीतून काळ्या नळीचा चार बोटं लांब तुकडा काढला आणि टोपडं घालावं तसा त्या डोळ्यावर चढवला. दार गपचूप खाली टेकलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ‘नाहीतर दोन डोळ्यांची अदलाबदल करायची. पहिल्या थंडीतच करायला हवं होतं हे,’ म्हणाला. दार दुपारी आपोआप उघडतं तो दोष मात्र वेगळा, मोटरच्या आतल्या सर्किटच्या पाटीचा, त्याला इलाज नाही.

मग मोटर उतरवायला तो शिडीवर चढला. वरून विचारतो, ‘काका, हे कुणाचं अक्षर?’ मोटरच्या पाठीमागे, छताच्या पट्टीवर एक कागद चिकटलेला होता. त्यानं तो मोठ्यानं वाचला. ‘तात्पुरते. डोळे बायपास. ऊन संपेपर्यंत.’ आणि तारीख.

‘दोन्ही डोळे एकमेकांकडे तोंड करून इथं वर बांधलेले दिसतात,’ तो म्हणाला. ‘चिकटपट्टीचा डाग आहे अजून. करतात लोक. लेकराबाळांच्या घरात करू नये.’

मी म्हणालो, ‘आधीच्या फिटरचं काम असेल.’

जावईबापू, आधीचा फिटर म्हणजे तुम्ही. कुणी दरडावून विचारत नव्हतं, परका माणूस, शिडीवर उभा. तरी माझ्या तोंडून तेच निघालं. चार वर्षांनी पुन्हा तुमच्याच गळ्यात घातलं मी.

अक्षर माझं आहे.

त्या वर्षी थंडीत दार संध्याकाळी बंद होईना, आठवतं? सगळे ते खाली टेकेपर्यंत बटण दाबून उभे राहायचे. सासूबाईंना तेवढं उभं राहवत नव्हतं. तुम्ही म्हणालात, ‘अण्णा, जाणत्या माणसाला दाखवू या.’ मला ते असं झोंबलं! चाळीस वर्षांचा फोरमन घरात बसलेला असताना जाणता माणूस बाहेरून आणायचा?

कारखान्यात आमचं हे रोजचं होतं. मशिनची जाळी उघडी असली की मशिन बंद पाडणारा स्विच असतो. तो त्रास द्यायला लागला की त्याला बांधून टाकायचं आणि वर चिठ्ठी लावायची, ‘तात्पुरते’. माल थांबता कामा नये. चिठ्ठी लावली की वाटायचं, आपण काही लपवलेलं नाही. मी रिटायर झालो तेव्हा त्यातल्या काही चिठ्ठ्या पिवळ्या पडून तिथेच लटकत होत्या.

एका दुपारी घरात कुणी नसताना मी डोळे काढले. त्यांच्या डब्या खाली तशाच ठेवल्या, रिकाम्या. तार जोडून वाढवली, दोन्ही डोळे समोरासमोर धरून चिकटपट्टीनं गुंडाळले आणि मोटरच्या मागे बांधून टाकले. ते एकमेकांना बघत बसले, दारात काय आहे ते बघणारं कुणी उरलं नाही. थंडीत दार जड जातं म्हणून मोटरचा जोरही स्क्रू फिरवून वाढवला. त्यामुळे कशावर टेकलं तरी ते परत फिरणार नव्हतं. संध्याकाळी दार एका दमात बंद झालं. सासूबाई म्हणाल्या, ‘अगंबाई, केलं की यांनी!’ लेकीनं टाळ्या वाजवल्या. तुम्ही विचारलंत, ‘काय केलंत अण्णा?’ मी म्हणालो, ‘तुम्हाला नाही कळायचं ते.’

बाराव्या दिवशी भिंगरी दारात वाकली.

तुम्ही लाल दोरी ओढलीत, दार उचललंत, तिला उचललंत. गाडी काढून मला हाक मारलीत, ‘अण्णा, चला.’ मी म्हणालो, ‘तुम्ही व्हा पुढे, मी दार बंद करून येतो.’

मी दार बंद करायला थांबलो नव्हतो. तुम्ही दवाखान्यात पोचला नसाल तोवर मी शिडीवर चढून चिकटपट्टी कापत होतो. डोळे डब्यांत बसवले, स्क्रू मूळ जागी आणला, फरशी धुतली. मग आलो. हात जरासुद्धा थरथरले नाहीत हेही सांगून टाकतो. कागद तेवढा पाठीमागच्या बाजूला राहिला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही झाडू घेऊन दारात बसलात. दहा वेळा दार खाली आणलंत, दहा वेळा ते थांबून वर गेलं. तुमचा चेहरा पांढरा पडला होता. ‘हे तर थांबतंय अण्णा. मग काल का नाही थांबलं? मी एकदाच दाबलं हो.’ लेक मागे उभी होती. ती म्हणाली, ‘दाबून धरलं असशील. सवयच लागली होती आपल्याला.’

मी तिथेच होतो. मूग गिळून उभा राहिलो.

पुढे सहा महिने तुम्ही ‘एकदाच’ म्हणत होतात. मग ‘बहुतेक एकदाच’ म्हणायला लागलात. घर सोडलंत त्या सकाळी पायात बूट घालताना मला म्हणालात, ‘असेल अण्णा. धरलं असेल मी.’ त्या वेळी तरी माझं तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. मी तुमची बॅग गाडीपर्यंत नेऊन दिली.

मोटर मी इतकी वर्षं मुद्दाम दुरुस्त केली नाही. तिचं बिघडलेलं असणं मला हवं होतं. ती नीट चालायला लागली की मीच कुठली तरी तार सैल करून ठेवायचो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचो, मशिनचा भरवसा नाही. लेक म्हणायची, ‘जाऊ दे अण्णा, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता?’ तिला वाटायचं, मी तुम्हाला सांभाळून घेतोय.

हे पत्र वकिलाला दाखवा, लेकीला दाखवा. सही करू नका. टपाल तीन दिवसांत पोचतं. आज पंधरा तारीख आहे, एकवीसला वेळ आहे अजून. उद्या सकाळी पेटीत टाकतो.

अण्णा


दि. ३ डिसेंबर

जावईबापू,

वरचं पत्र वाचून तुम्ही पुन्हा तारीख बघितली असेल. तारीख खरी आहे. एकवीस तारखेपर्यंत ते माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. पेटीपर्यंत रोज जायचो. एकदा अर्धं आत घातलं आणि ओढून काढलं. मागे एक बाई पत्र टाकायला उभी होती, तिला म्हणालो, तिकीट लावायचं राहिलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात. सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केलीत. मग विचारलंत, ‘नवीन मोटर कशी आहे?’ मी म्हणालो, ‘छान आहे. आवाज अजिबात नाही.’ आतून पुकारा झाला. तुम्ही गेलात, सही करून आलात, म्हणालात, ‘येतो अण्णा.’ मी म्हणालो, ‘सावकाश जा.’

पत्र त्या वेळी खिशातच होतं.

का नाही दिलं, ते सांगतो, आणि सबब म्हणून सांगत नाही. तुरुंगाची भीती नव्हती, या वयात तुरुंग काय आणि घर काय. भिंगरी जाणारच होती. पण माझ्या गळ्यात पडून, आजोबा म्हणून जाणार होती. मला तेवढे दहा दिवस हवे होते. तुमच्याकडून तुमची मुलगी गेली ती माझ्या दहा दिवसांसाठी. मी स्वतःच हे पुन्हा पुन्हा वाचतोय आणि मला शरम वाटते.

ते दहा दिवससुद्धा मिळाले नाहीत. एकोणतीसला लेक गॅरेजात बॅगा बांधत होती. भिंगरी दार लावायला बटणाकडे गेली, तशी लेक ओरडली, ‘एकदाच दाब हं! बाबांसारखं दाबून धरू नकोस.’ आणि माझ्या तोंडून सुटलं. कसं ते मला सांगता येणार नाही. सगळं बोलून मोकळा झालो आणि तो ‘तात्पुरते’चा कागद लेकीच्या हातात दिला.

ती बॅगेवर बसली. कागद दोन्ही बाजूंनी बघितला. म्हणाली, ‘सही झाल्यावर सांगताय अण्णा?’

मी म्हणालो, आईला उभं राहवत नव्हतं, म्हणून केलं मी ते. सासूबाई दारातच होत्या. आमच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, त्या माझ्याशी अशा आवाजात कधी बोलल्या नव्हत्या. ‘माझ्या गुडघ्यांचं नाव घेऊ नका,’ म्हणाल्या आणि आत गेल्या. तेव्हापासून ताट वाढून ठेवतात, माझ्याबरोबर बसत नाहीत.

मी लेकीला म्हणालो, कोर्टात येतो, लिहून देतो, म्हणशील तिथे सही करतो. ती म्हणाली, ‘आता काही दुरुस्त करायला जाऊ नका तुम्ही.’ नंतर बराच वेळ रडली. म्हणाली, ‘चार वर्षं मी त्याला मान वर करू दिली नाही. हक्क सोडल्याचा कागद त्याच्यासमोर मीच सरकवला. आता त्याला फोन करून काय सांगू? ये म्हणू? कुठे ये म्हणू? आमचं दोघांचं घर राहिलं नाही, परवाची तिकिटं आहेत.’ तुम्हाला उत्तर सुचत असेल तर मला सांगू नका, तिला सांगा. पण मला वाटत नाही काही उरलं आहे. मी तुमच्यात एवढी मोडतोड करून ठेवली आहे, आणि वर चार वर्षं गेली आहेत.

आता ज्यासाठी हे तिसरं पत्र लिहिलं ते.

भिंगरी बटणाखालच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही. लेक रडायची थांबल्यावर ती म्हणाली, ‘पण बाबांनी बोटानं नव्हतंच दाबलं.’

लेकीनं विचारलं, ‘म्हणजे?’

‘बाबांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या ना. त्यांनी कोपरानं दाबलं. असं.’ आणि उठून तिनं दाखवलं. कोपर बाहेर काढून भिंतीला एक टोला, कोंबडीनं पंख मारावा तसा. ‘मला खूप हसू आलं. ते आत गेले. मग मला आठवलं, माझी सँडल बाहेर राहिली आहे.’

आत सासूबाईंच्या हातातलं भांडं पडलं. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, हो, पिशव्या होत्या. स्वयंपाकघराच्या पायरीवर पडलेल्या पिशव्या त्या संध्याकाळी त्यांनीच उचलल्या होत्या. बटाटे घरभर गेले होते. इतक्या वर्षांत त्यांना ते एकदाही आठवलं नव्हतं. तुम्हालाही आठवलं नाही. दोन्ही हातांत ओझं घेऊन घरात शिरणारा माणूस बटण दाबून धरणार कसा? शेंबड्या पोरालाही कळेल. मला कळलं नाही, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं.

लेकीनं तिला विचारलं, ‘अगं, मग बोलली का नाहीस इतके दिवस?’

‘तू विचारलंस, बाबांनी बटण दाबलं का? मी हो म्हटलं. पुढचं कुणी विचारलंच नाही.’

मी विचारलं, ‘तुला बाबांची भीती वाटते ना?’ ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी वेडगळ बोललो. म्हणाली, ‘नाही. ते सारखे माझ्या पायाकडे बघतात. माझ्याकडे बघतच नाहीत. मग मी पाय मागे घेते.’

हे तुम्हाला त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं असतं, तर तुम्ही सही केली नसतीत. मला माहीत आहे. मला रोज माहीत असतं.

परवा सकाळी दोघी गेल्या. भिंगरी गाडीत बसताना आजीच्या गळ्यात पडली. माझ्यासमोर आली, थोडा वेळ उभी राहिली, आणि मग जाऊन गाडीत बसली. मी बटण दाबलं. दार आवाज न करता खाली आलं.

नवा पत्ता मला दिलेला नाही. तो सासूबाईंच्या वहीत आहे, मागितला तर मला देणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. तुम्ही त्यांना विचारा. तुम्हाला देतील. मुलीला पत्र लिहा. तिला मोठी अक्षरं लागत नाहीत आता, सगळं वाचता येतं.

मला उत्तर लिहू नका. खाली आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे, तो लिहायला हात होत नाही. ‘भिंगरीचे आजोबा’ अशी सही करणार होतो, पण तेही आता तिला विचारल्याशिवाय लिहिता येत नाही.

अण्णा